एकाच रेकॉर्डचा कुठला भाग कोणी बदलायचा: पोस्टग्रेसमध्ये एडिटचे हक्क पायरीपायरीने

फॉर्मवर पगाराचा डबा ग्रे करून ठेवला की झालं, आता कोणी पगार बदलू शकत नाही, असं बऱ्याच टीमना मनापासून वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एका कामात असं झालं की कर्मचाऱ्यांचे फोन नंबर अपडेट करायला एक स्क्रिप्ट चालवली गेली, स्प्रेडशीटमधून डेटा उचलून, आणि त्या शीटमध्ये बँक खात्याचा कॉलम रिकामा होता, आणि स्क्रिप्ट रेकॉर्डचे सगळेच कॉलम लिहीत होती. फोन नंबर नीट अपडेट झाले आणि खाते नंबर पुसले गेले. ती स्क्रिप्ट फॉर्ममधून जातच नव्हती ना, त्यामुळे ग्रे डब्याचा तिच्याशी काही संबंधच नव्हता. बॅकअप होता म्हणून निभावलं.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की कोण काय बदलू शकतो हे डेटाबेसनेच ठरवायला हवं. फॉर्म, मोबाईल ॲप, इम्पोर्ट, रिपोर्टिंग टूल, कोणीतरी थेट उघडलेला कन्सोल, सगळे शेवटी तिथेच येतात. खाली मी पोस्टग्रेस धरून सांगते कारण त्यात लागणारी सगळी साधनं आहेत, बाकीच्या डेटाबेसचं शेवटाकडे थोडक्यात येईल. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाईप करताना कीवर्ड इंग्रजीत घ्या.

उदाहरण एकच धरू. कर्मचारी नावाचं टेबल, त्यात आयडी, नाव, फोन, पत्ता, आणीबाणीचा संपर्क, पद, विभाग, मॅनेजर आयडी, पगार, बँक खातं, रेटिंग आणि मूल्यांकनाचा शेरा. म्हणजे एकाच रेकॉर्डमध्ये चार विभाग (कॉलमचे गट) झाले: संपर्क, नेमणूक, पैसे, मूल्यांकन.

पायरी १: आधी कागद

डेटाबेस उघडू नका अजून. प्रत्येक विभागासमोर तीन गोष्टी लिहा: कोणत्या कामाचा माणूस हे बदलेल, कोणाकोणाच्या रेकॉर्डमध्ये बदलेल, आणि कधीपर्यंत बदलू शकेल. माणसांची नावं लिहायची नाहीत, कामं लिहायची, कारण माणसं बदलतात. आपल्या उदाहरणात संपर्क कर्मचारी स्वतः बदलेल पण फक्त स्वतःचा, नेमणूक एचआर बदलेल सगळ्यांची, पैसे अकाउंट्स बदलेल सगळ्यांचे, आणि मूल्यांकन मॅनेजर बदलेल फक्त आपल्या टीमचं, तेही मूल्यांकन बंद होईपर्यंत.

मग दोन याद्या वेगळ्या काढा. एक, जे कॉलम कोणीच बदलायचे नाहीत: आयडी, रेकॉर्ड कधी तयार झालं, कोणी तयार केलं. दुसरी यादी जास्त महत्त्वाची आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही: ज्या कॉलमवर दुसऱ्या कोणाचे हक्क अवलंबून आहेत ते कॉलम. इथे तो मॅनेजर आयडी आहे. ज्याला मॅनेजर आयडी बदलता येतो तो स्वतःला कोणाचाही मॅनेजर करून घेऊ शकतो आणि मग त्याचं रेटिंग बदलू शकतो, बाकी सगळे नियम अचूक असले तरीही. असे कॉलम किल्लीसारखे असतात, त्यांना सगळ्यात कमी लोकांचा हात लागला पाहिजे.

पायरी २: रोल

प्रत्येक कामाला एक रोल (डेटाबेसमधलं हक्कांचं खातं), लॉगिन नसलेला: कर्मचारी_स्वतः, एचआर, अकाउंट्स, मॅनेजर. आणि टेबलांचा मालक म्हणून एक पूर्णपणे वेगळा रोल, जो फक्त मायग्रेशन, म्हणजे टेबलांच्या रचनेतले बदल, चालवताना वापरायचा. ॲप्लिकेशन मालकाच्या लॉगिनने जोडलेलं असेल तर पुढचं सगळं वाया जातं, कारण मालकाला ग्रँट (हक्क देणारी कमांड) लागत नाही आणि रोवरचे, म्हणजे एकेका रेकॉर्डवरचे, नियमही मूळ सेटिंगवर त्याला लागू होत नाहीत. मी कुठल्याही नव्या सिस्टिममध्ये पहिल्यांदा हेच तपासते, ॲप कोणाच्या नावाने जोडलंय, आणि बरेचदा तिथेच गाडी अडलेली असते.

ॲपसाठी एकच लॉगिन रोल करा, त्याला नोइनहेरिट द्या, म्हणजे तो वरच्या सगळ्या रोलचा सदस्य असेल पण आपोआप कुठलाच हक्क त्याच्याकडे येणार नाही, प्रत्येक रिक्वेस्टच्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या कामांचा गट) तो "सेट लोकल रोल मॅनेजर" असं म्हणून तेवढ्यापुरता तो रोल घेईल.

पायरी ३: हा माणूस नक्की कोण

रोल कामाचा आहे, पण "स्वतःचाच रेकॉर्ड" ठरवायला माणूस कोण तेही डेटाबेसला कळायला हवं. त्यासाठी ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला ॲपने सेट_कॉन्फिग फंक्शनने "ॲप.युजर_आयडी" मध्ये आयडी टाकायचा आणि तिसरा पॅरामीटर ट्रू द्यायचा. तो ट्रू म्हणजे फक्त या ट्रान्झॅक्शनपुरतं. हे विसरलात आणि मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर (तीच कनेक्शन अनेकांना आळीपाळीने देणारा प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन मोडवर असेल, तर एका माणसाचा आयडी कनेक्शनवर तसाच राहतो आणि पुढच्या माणसाची रिक्वेस्ट त्याच कनेक्शनवर येते, म्हणजे एकाच्या नावावर दुसरा काम करतो. हा बग टेस्टिंगमध्ये सहसा दिसत नाही, लोड आला की दिसतो.

मग एक छोटं फंक्शन करा, मी त्याला मी_कोण म्हणते, जे करंट_सेटिंग वाचून आकडा परत देतं. करंट_सेटिंगला दुसरा पॅरामीटर ट्रू द्या म्हणजे सेटिंग नसेल तर एरर न येता नल (म्हणजे काहीच नाही) येईल. पण एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, त्याच कनेक्शनवर आधी कधी ती सेटिंग लावून ट्रान्झॅक्शन संपलेलं असेल तर नंतर नल येत नाही, रिकामी स्ट्रिंग येते, आणि ती आकड्यात बदलताना एरर येतो. म्हणून नलइफने रिकाम्या स्ट्रिंगचं नल करून मगच बदला.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी. ॲपमध्ये एसक्यूएल इंजेक्शनची फट असेल, म्हणजे बाहेरून आलेला मजकूर कमांड म्हणून चालत असेल, तर हल्लेखोर स्वतःच दुसरा आयडी सेट करू शकतो किंवा रिसेट रोल करू शकतो. ही पद्धत चुकांपासून आणि अर्धवट लिहिलेल्या कोडपासून फार चांगलं वाचवते, पण पॅरामीटर वापरून क्वेरी लिहायचं काम ती माफ करत नाही.

पायरी ४: कॉलमचे हक्क

पोस्टग्रेसमध्ये कॉलमवार ग्रँट २००९ च्या ८.४ पासून आहे. लिहायचं असं:

ग्रँट अपडेट (फोन, पत्ता, आणीबाणी_संपर्क) ऑन कर्मचारी टू कर्मचारी_स्वतः;

बस, एवढंच. पण इथे एक चूक हमखास होते: आधी पूर्ण टेबलावर अपडेट द्यायचं आणि मग "रिव्होक अपडेट (पगार)" करायचं. कमांड चालते, एरर येत नाही, आणि पगार तरीही बदलता येतो. कारण टेबलावर दिलेला हक्क आणि कॉलमवर दिलेला हक्क पोस्टग्रेस वेगवेगळे धरतं, टेबलावरचा हक्क तसाच राहतो, कॉलमवरून काढायला तिथे काही नव्हतंच. पोस्टग्रेसमध्ये "नको" असं सांगायची सोय नाही, फक्त "दिलं" आणि "दिलेलं काढलं" एवढंच. त्यामुळे टेबलावरचं अपडेट पूर्ण काढा आणि हवे ते कॉलम एकेक मोजून द्या. यात फायदाही आहे, उद्या टेबलात नवा कॉलम आला तर तो आपोआप कोणालाच उघडा होत नाही.

दुसरी अडचण ओआरएमची, म्हणजे कोडमधून डेटाबेसच्या कमांड बनवून देणाऱ्या लायब्ररीची. जँगोमध्ये साधं सेव्ह केलं, किंवा हायबरनेट मूळ सेटिंगवर असलं, की अपडेटमध्ये सगळे कॉलम जातात, न बदललेले पण. पोस्टग्रेस किंमत बदलली का ते बघत नाही, कॉलमचं नाव सेटमध्ये आलं की हक्क मागतं, आणि परमिशन डिनाइड येतं. मग टीम वैतागते आणि कोणीतरी परत पूर्ण टेबलावर ग्रँट देऊन टाकतं. तसं करू नका. जँगोत अपडेट_फील्ड्स द्या, हायबरनेटमध्ये डायनॅमिकअपडेट लावा. रेल्स मुळात बदललेलेच कॉलम पाठवतं. माझ्या सुरुवातीच्या गोष्टीतली स्क्रिप्टसुद्धा नेमकी हेच करत होती, सगळे कॉलम लिहीत होती, आणि तिच्या रोलला फक्त फोनचा हक्क असता तर ती पहिल्याच ओळीला थांबली असती.

आणि हो, अपडेटमध्ये वेअर (कुठल्या रो बदलायच्या ती अट) असेल तर त्यात वाचलेल्या कॉलमवर सिलेक्टचा, म्हणजे वाचायचा, हक्कही लागतो. सिलेक्टही कॉलमवार दिलं असेल तर सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम एकदम वाचणं) चालणार नाही, कॉलमांची नावं लिहावी लागतील. डिलीटला कॉलमवार असं काही नसतंच, रो जाते ती पूर्ण जाते, म्हणून डिलीट शक्यतो कोणालाच देऊ नका.

पायरी ५: रोचे हक्क

कॉलम ठरले, आता कोणाच्या रेकॉर्डमध्ये. हे रो लेव्हल सिक्युरिटीचं काम, ९.५ पासून आहे, २०१६ मध्ये आलं. आधी "ऑल्टर टेबल कर्मचारी एनेबल रो लेव्हल सिक्युरिटी". हे केल्या क्षणी, एकही पॉलिसी (कोणाला कुठल्या रो हे सांगणारा नियम) नसेल तर मालक आणि सगळे हक्क असलेला सुपरयुजर सोडून बाकी सगळ्यांना टेबल रिकामं दिसतं, घाबरू नका, तसंच व्हायला हवं. मग पॉलिसी:

क्रिएट पॉलिसी स्वतःचा ऑन कर्मचारी फॉर अपडेट टू कर्मचारी_स्वतः यूझिंग (आयडी = मी_कोण()) विथ चेक (आयडी = मी_कोण());

यूझिंग बघतं आत्ता असलेली रो, विथ चेक बघतं बदलानंतरची रो. विथ चेक लिहिलं नाही तर यूझिंगचीच अट दोन्हीला लागते. दोघांचं वागणं वेगळं आहे आणि ते डोक्यात पक्कं बसवा: यूझिंगमध्ये रो बसली नाही तर एरर येत नाही, अपडेट शांतपणे ० रो बदलतं. विथ चेक मोडलं तर मात्र एरर येतो. म्हणून ॲपने प्रत्येक अपडेटनंतर किती रो बदलल्या ते बघायलाच हवं, नाहीतर माणसाला "सेव्ह झालं" दिसतं आणि खरं तर काहीच झालेलं नसतं. सिलेक्टची पॉलिसीही द्या, वेअर असलेल्या अपडेटला जी रो दिसत नाही ती बदलताही येत नाही.

मॅनेजरच्या पॉलिसीत "मॅनेजर_आयडी = मी_कोण()" पुरतं. पण "माझ्या खालच्यांच्या खालचेही" असं हवं असेल आणि तुम्ही पॉलिसीत परत कर्मचारी टेबलावरच सबक्वेरी लिहिली तर पोस्टग्रेस इन्फिनिट रिकर्जनचा एरर देतं, कारण ती सबक्वेरीही त्याच पॉलिसीतून जाते. उपाय म्हणजे ती क्वेरी सिक्युरिटी डिफायनर फंक्शनमध्ये (जे आपल्या मालकाच्या हक्काने चालतं) टाकायची, फंक्शनला स्टेबल लावायचं, त्याचा सर्च_पाथ (टेबलांची नावं कुठे शोधायची ती यादी) फंक्शनमध्येच ठरवून द्यायचा, आणि मॅनेजर आयडीवर इंडेक्स ठेवायचा.

पायरी ६: इथे खरा पेच आहे

आतापर्यंतचं वाचून वाटेल की कॉलमचं ग्रँट आणि रोची पॉलिसी एकत्र लावली की झालं. मीही एकदा तशीच रचना करून दिली होती, आणि ती चूक होती. बघा काय होतं ते.

मॅनेजर हा स्वतःही कर्मचारी आहे. म्हणून त्याच्या रोलला कर्मचारी_स्वतः चं सदस्यत्व दिलं. आता कॉलमचे हक्क एकत्र झाले: संपर्काचे कॉलम अधिक रेटिंग आणि शेरा. पॉलिसीही एकत्र झाल्या, कारण साध्या पॉलिसी एकमेकींना "किंवा"ने जोडल्या जातात: स्वतःची रो किंवा टीमची रो. आता या दोन्हींचा गुणाकार करा. टीमच्या रोमधलं रेटिंग बदलता येतं, हवंच होतं. स्वतःच्या रोमधला फोन बदलता येतो, हेही हवं होतं. पण टीममधल्या माणसाचा फोन आणि पत्ताही बदलता येतो. आणि स्वतःच्या रोमधलं स्वतःचं रेटिंगसुद्धा!

कॉलमचे हक्क आणि रोचे हक्क एकमेकांना ओळखत नाहीत. "या रोमध्ये हा कॉलम आणि त्या रोमध्ये तो कॉलम" असं वाक्य त्या दोघांत मिळून लिहिताच येत नाही. प्रोफाईलच्या पानाला एक रोल आणि मूल्यांकनाच्या पानाला दुसरा रोल असं सेट रोलने वेगळं ठेवता येतं, पण मग बरोबर रोल निवडायची जबाबदारी परत ॲपवर आली.

माझ्या मते यावर सगळ्यात सरळ उपाय म्हणजे विभाग तिथे टेबल. कर्मचारी (आयडी, नाव, पद, विभाग, मॅनेजर आयडी), कर्मचारी_संपर्क, कर्मचारी_पैसे, कर्मचारी_मूल्यांकन, सगळ्यांची प्रायमरी की (रो ओळखणारा कॉलम) तोच कर्मचारी आयडी आणि तीच मूळ टेबलाकडे फॉरेन की (तिथल्या रोशी जोडणारा दुवा). आता संपर्क टेबलाची पॉलिसी म्हणते स्वतःचीच रो, मूल्यांकनाची पॉलिसी म्हणते टीमची रो, आणि गुणाकार व्हायला जागाच उरत नाही. कॉलमवार ग्रँट बऱ्याच ठिकाणी लागतच नाही मग, टेबलावरचं ग्रँट पुरतं, ओआरएमची वरची कटकटही कमी होते. मूल्यांकनाच्या पॉलिसीला मॅनेजर कोण हे कर्मचारी टेबलातून बघावं लागतं, आणि ते टेबल फक्त एचआरच्या हातात, म्हणजे किल्लीचा कॉलमही आपोआप सुरक्षित.

लोकांना टेबलं फोडायची भीती वाटते, जॉइन (टेबलं जोडून वाचणं) वाढतील म्हणून. प्रायमरी कीवरचा एकास एक जॉइन फार स्वस्त असतो. वाचायला सगळं एकत्र हवं तर व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) करा, फक्त त्याला सिक्युरिटी_इन्व्होकर ट्रू द्या, ही सोय आवृत्ती १५ पासून आहे. ती न देता व्ह्यू केला तर आतली टेबलं व्ह्यूच्या मालकाच्या हक्काने वाचली जातात आणि तुमच्या पॉलिसी बाजूला पडतात. जॉइन असलेल्या व्ह्यूवर थेट अपडेट चालत नाही, इथे तेच हवंय.

पायरी ७: टेबल फोडणं शक्य नसेल तर ट्रिगर

जुनं ॲप असतं, कोड हातात नसतो, अशा वेळी बिफोर अपडेट ट्रिगर (बदल लिहिला जाण्याआधी आपोआप चालणारा कोड) लिहा जो जुनी आणि नवी रो शेजारी ठेवून बघतो आणि हक्क नसलेला कॉलम बदलला असेल तर एरर देतो. तुलना "इज डिस्टिंक्ट फ्रॉम"ने करा, साध्या असमान चिन्हाने नको, कारण एका बाजूला नल असेल तर उत्तरही नल येतं आणि बदल निसटतो. "अपडेट ऑफ पगार" अशा शॉर्टकटवर विसंबू नका, तो ट्रिगर फक्त सेटमध्ये पगार लिहिलेला असेल तरच चालतो, दुसऱ्या एखाद्या बिफोर ट्रिगरने आतल्या आत पगार बदलला तर नाही. ट्रिगर नावाच्या वर्णक्रमाने चालतात, म्हणून तपासणीच्या ट्रिगरला असं नाव द्या की तो शेवटी येईल.

"मूल्यांकन बंद झालं की कोणी हात लावायचा नाही" हा नियम मात्र साधा आहे, तो पॉलिसीच्या यूझिंगमध्येच बसतो, स्थिती बंद नसलेल्याच रो. पण "स्थिती मसुद्यातून थेट बंद करता येणार नाही, आधी तपासणीत जायला हवी" असला नियम पॉलिसीत लिहिता येत नाही, कारण यूझिंगला फक्त जुनी रो दिसते आणि विथ चेकला फक्त नवी, दोन्ही एकत्र फक्त ट्रिगरलाच दिसतात.

पायरी ८: मोडून बघा

हक्क दिलेत ते चालतात का हे सगळे तपासतात, न दिलेले खरंच अडतात का हे तपासायचं राहतं. ट्रान्झॅक्शन सुरू करा, सेट लोकल रोल करा, युजर आयडी सेट करा, नको तो बदल करून बघा, रोलबॅक करा, म्हणजे सगळं मागे घ्या. प्रत्येक रोल आणि प्रत्येक विभाग यांची जोडी घेऊन हे टेस्टमध्ये लिहून टाका, चार रोल आणि चार विभाग म्हणजे १६ जोड्या, आणि त्यात "स्वतःची रो" आणि "दुसऱ्याची रो" वेगळं धरा, ३२ झाल्या. जास्त वाटेल पण एका बैठकीत होतात. जिथे एरर अपेक्षित आहे तिथे एरर, जिथे ० रो अपेक्षित तिथे ०, दोन्ही स्पष्ट तपासा. कॉलमच्या हक्कांसाठी हॅज_कॉलम_प्रिव्हिलेज फंक्शन आहे, आणि पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचं कमांड लाइन टूल) बॅकस्लॅश डीपी केलं की ग्रँट आणि पॉलिसी एकत्र दिसतात. सुपरयुजरने टेस्ट चालवू नका, त्याला काहीच अडवत नाही, सगळं हिरवं दिसेल. ट्रंकेटलाही (टेबल एकदम रिकामं करणारी कमांड) रोचे नियम लागू नसतात, तो हक्क कोणाकडे राहिलाय का तेही बघून घ्या.

पायरी ९: कोणी काय बदललं

इतिहासाचं एक टेबल, आफ्टर ट्रिगरमधून त्यात जुनी रो आणि नवी रो जेसनबी (पोस्टग्रेसचा जेसन साठवायचा प्रकार) करून, वेळ आणि मी_कोण. कोणालाच त्यावर थेट लिहायचा हक्क नाही, ट्रिगर फंक्शन सिक्युरिटी डिफायनर असल्यामुळे तेच लिहू शकतं. त्या फंक्शनच्या आत करंट_युजर विचारलं तर फंक्शनचा मालक येतो, काम करणारा माणूस नाही, म्हणून नाव मी_कोण मधूनच घ्या.

बाकी डेटाबेस

एसक्यूएल सर्व्हरला २०१६ पासून रोवरची सुरक्षा आहे आणि तिथे डिनाय पण आहे, त्यामुळे "नको" सांगता येतं. ओरॅकलमध्ये व्हर्च्युअल प्रायव्हेट डेटाबेस याच कामासाठी आहे. मायएसक्यूएलमध्ये कॉलमवार ग्रँट आहे, रोल ८.० पासून आले, पण रोचे नियम नाहीत, तिथे व्ह्यू आणि ट्रिगरवर भागवावं लागतं. एसक्यूलाइटमध्ये युजर ही गोष्टच नाही, सगळं ॲपवर. विभाग तिथे टेबल हा उपाय मात्र जिथे युजर आणि ग्रँट आहेत तिथे सगळीकडे उपयोगी पडतो.

आणि तात्पुरते हक्क

मॅनेजर महिनाभर सुट्टीवर, त्याचं काम दुसऱ्याकडे. इथे बहुतेक ठिकाणी घाईत ग्रँट दिलं जातं आणि काढायचं राहून जातं. रोलला "व्हॅलिड अन्टिल" असतं ते वापरू असं काहींना सुचतं, पण ती फक्त पासवर्डची मुदत आहे, ग्रँटशी तिचा संबंध नाही. त्यापेक्षा बदली नावाचं टेबल करा, कोणाच्या जागी कोण, कधीपासून, कधीपर्यंत, आणि मूल्यांकनाच्या पॉलिसीत "मॅनेजर मी, किंवा आजच्या तारखेला त्याच्या बदली मी" एवढं वाढवा. तारीख उलटली की हक्क आपोआप जातो. त्या टेबलात लिहायचा हक्क फक्त एचआरला, कारण तेही किल्लीचंच टेबल आहे, आणि बदली म्हणून नेमलेला माणूस त्याच टीममधला असेल तर पॉलिसीत "आणि रो माझी स्वतःची नसेल" हे जोडायला विसरू नका, नाहीतर महिनाभर तो स्वतःचंच रेटिंग भरत बसेल.